दोन सह्यांवाचून राहिलेली ओळ

प्रिय दादा,

"खरं सांगायला तू आहेस ना, मग मी कशाला सांगू?" हे तू मला म्हणाला होतास तेव्हा चौदा वर्षांचा होतास आणि मी दहाची. छापखान्याच्या मागच्या खोलीत तुझ्या कोपराचा धक्का लागून शाईचा डबा कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर आडवा झाला होता. बाबांनी दारातूनच विचारलं, कुणी सांडलं? मी क्षणाचाही विचार न करता तुझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी दोघांच्याही हातात फडकी दिली. गुडघ्यांवर बसून फरशी पुसताना तू जराही न रागावता, अगदी कामाची वाटणी करावी तसं, ते वाक्य बोललास. बाबा पाठमोरे उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबताना त्यांचे खांदे तसेच हलायचे. तेव्हापासून ती वाटणी आपल्या घरात कायमची झाली. मला ती आवडली होती, हेही आज कबूल करते. खरं बोलणाऱ्या मुलीला घरात जरा वरची जागा असते.

चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला कुणी पत्र लिहितं का, असं वहिनी म्हणेल. तिच्याच हाती देणार आहे हे. फोन केला तर तुझा तो चष्मेवाला कार्यकर्ता उचलतो आणि "साहेब प्रचारात आहेत" म्हणतो. तू साहेब कधी झालास ते मला कुणी कळवलं नाही. समोर बसलास तर तू हसवतोस, मी हसते, चहा होतो, आणि बोलायचं ते राहून जातं. असं राहता राहता अकरा वर्षं झाली. आज मंगळवार. रविवारी मतदान आहे. आपल्या साप्ताहिकातलं उमेदवारांचं पान गुरुवारी दुपारी बारा वाजता छपाईला जाईल. बाकी दोघांचा मजकूर लावून झाला आहे. तुझ्या मजकुरातली एक ओळ मात्र अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली पडून आहे. तिला सह्या नाहीत. ती कुठली ओळ, हे मी सांगायला नको.

बाबांनी हे पान सुरू केलं तेव्हा त्याची टिंगल व्हायची, आठवतं? साप्ताहिक चार पानांचं, आणि त्यातलं एक अख्खं पान उमेदवारांना, तेही फुकट! पण नियम कडक होते. प्रत्येकाला तीन वचनं, प्रत्येकाला चाळीस शब्दांत स्वतःची माहिती, आणि माहितीतल्या प्रत्येक ओळीखाली दोन माणसांच्या सह्या, ज्यांनी ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. ऐकीव चालायचं नाही. सह्या छापायच्या नाहीत, पण वहीत ठेवायच्या. कुणी विचारलं की वही उघडायची. बाबा म्हणायचे, वचन उद्याचं असतं, ते तपासता येत नाही. माणूस कालचा असतो, तो तपासता येतो. मी साप्ताहिक पुन्हा सुरू केल्यापासून ही दुसरी निवडणूक. आता लोक मतदानाला निघताना ते पान घडी करून खिशात घालून नेतात. मागच्या वेळी केंद्रावरच्या अधिकाऱ्याने एकाला हटकलं, "आजोबा, प्रचाराचा कागद आत आणता येत नाही." तर आजोबा म्हणाले, "प्रचाराचा कुठला, हा तर टिंबेचा कागद आहे!" माझं तू ठेवलेलं नाव सगळ्या प्रभागात झालं आहे, याचं श्रेय तुलाच.

तुझ्यासमोर उभ्या असलेल्या बेकरीवाल्यांची माहिती तपासायला मी सकाळी दहाला गेले, भट्टी थंड होऊन ट्रे धुवायला निघतात त्या वेळी. त्यांनी लिहून दिलं होतं, "चाळीस जणांना रोजगार दिला." भट्टीवरच्या माणसाने बोटांवर मोजून हिशेब सांगितला: तेरा. त्यात मालकांचे दोन मेहुणे, आणि "त्यातला एक नुसता पंख्याखाली बसायला येतो, तो धरायचा का?" मी धरला. बेकरीवाले काउंटरमागून ओरडले, "अहो ताई, वीस वर्षांत आले-गेलेले मोजा की! चाळीसच्या वर भरतील." मी म्हटलं, गेलेले लोक का गेले तेही मग लिहावं लागेल. त्यावर त्यांनी मुकाट्याने तेरा मान्य केले आणि वर मला ताजा पाव दिला. मी घेतला नाही, आणि अजून त्या पावाचा वास नाकातून जात नाही. त्यांचं मुख्य वचन म्हणजे बाजाराचा रस्ता रुंद करायचा. नकाशा नीटनेटका आहे, रंगीत आहे. फक्त मी तो हातात धरून रस्ता चालून पाहिला. रुंदीकरण बेकरीच्या पुढे वीस पावलांवर संपतं. फळांच्या गाड्या त्यांनी स्टँडच्या मागे हलवल्या आहेत, जिथे माणूस फक्त बस चुकली तरच उभा राहतो. वाईट माणूस नाही तो, दादा. त्याला स्वतःच्या दुकानासमोरचं जग तेवढं नीट दिसतं.

तिसऱ्या उमेदवार, पोहायला शिकवणाऱ्या बाई, स्वतः चालत आल्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल. बावीस वर्षं त्या तलावावर आहेत. प्रभागातली निम्मी पोरं त्यांच्या शिट्टीवर पाण्यात पडली आणि बाहेर आली. त्यांच्या चाळीस शब्दांतलं पहिलंच वाक्य होतं: "तलावाच्या ठेकेदाराच्या कानाखाली वाजवल्याबद्दल माझ्यावर पोलिसांत तक्रार झाली होती." मी विचारलं, बाई, हे छापायचं? म्हणाल्या, "मग? लोकांना बेकरीवाल्याकडून कळायला हवं का? तो मीठमसाला लावून सांगेल." ठेकेदार पाण्यात औषध घालत नव्हता, पोरांचे डोळे सुजत होते, तीन अर्ज केले, मग हात चालला. साक्षीदार दोन हवेत म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. "वीस आणते. सगळे पाण्यात होते, सगळ्यांनी डोकी वर काढून पाहिलंय." त्यांच्या माहितीत मला खोडायला एक शब्द सापडला नाही. पण वचनांच्या रकान्यात दोनच होती: पायवाटेवर दिवे आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. तिसरं काय, विचारलं तर खांदे उडवले. "तुम्हीच सुचवा ना, तुम्ही लिहिणाऱ्या." दिवे कुठून येणार, कोण बसवणार, तेही ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "निवडून आले की विचारीन ना कुणाला तरी." मी तिसऱ्या वचनाची जागा कोरी ठेवली आहे. ज्याने जे दिलं नाही ते आपण भरायचं नाही.

आणि मग तुझा आराखडा. तो मी आधी संपादक म्हणून वाचला, लाल पेन हातात घेऊन, आणि पेन कुठे टेकवायला जागाच मिळेना. घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी प्रभागात सहा मदतनीस. पोस्टाच्या बंद इमारतीत दिवसभर बसता-पडता येईल अशी खोली. त्यासाठी तू छताचा दाखला आणलास, आरोग्य खात्याचं पत्र आणलंस, मदतनिसांना शिकवायला दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकेचा होकार लिहून आणलास. मोटारींची वायंडिंग करणाऱ्या माणसाने हे केलं यावर मी खूश झाले. तारेचा एकेक वेढा मोजून घालावा तसं काम आहे. सातव्या कलमापाशी मी थांबले. "चाकाची खुर्ची देण्यापूर्वी घराच्या दारांची मापं घ्यावीत." नवव्या कलमापाशी मी आराखडा मिटून ठेवला. "मदतनिसाने दर आठवड्याला दूर असलेल्या मुलाला किंवा मुलीला चार ओळींचं पत्र पाठवावं. त्यात तक्रार नसावी. त्या आठवड्यात आई किंवा वडिलांनी काय केलं, एवढंच असावं." खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरचा चांभार म्हणाला, "काय ताई, काही लागलं का?" मी म्हटलं, नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. तो म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत?"

असा आराखडा आपल्या प्रभागात आजवर कुणी केला नाही. म्हणून ती काचेखालची ओळ मला जास्त टोचते. "वडिलांच्या आजारपणात दूरची चांगली नोकरी सोडून परत आला आणि शेवटची दोन वर्षं त्यांची सेवा केली." तुझ्या चष्मेवाल्याने साक्षीदार म्हणून न्हाव्याचं नाव दिलं होतं. न्हावी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "मी कुठे पाहिलं? मी ऐकलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून. खुर्चीत बसले होते, मी विचारलं, वडिलांसाठी परत आलात होय? ते म्हणाले, हो." पुढे मान वाकवून केस कापून घेणाऱ्याने आणखी काय बोलावं म्हणा. चष्मेवाल्याला मी कळवलं, ऐकीव चालत नाही. तर तो माझ्या टेबलावर हात टेकवून म्हणतो, "ताई, एवढं काय त्यात? घरचंच काम आहे. तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय? तुम्हीच करून टाका एक सही." त्या पोराला काही ठाऊक नाही, म्हणून मी त्याला चहा पाजून पाठवलं. पण दादा, तो बोलला ते अक्षरशः खरं आहे. माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

मी तेवढ्यावर सोडूनही दिलं असतं. ओळ गाळायची, विषय संपला. पण गेल्या आठवड्यात तुझ्या चौथीच्या बाई भेटल्या. दुसऱ्या मजल्यावर एकट्या असतात, दोन्ही मुलगे लांब. जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या, मी पिशवी घेतली. म्हणाल्या, "वचनं काय गं, सगळेच देतात. तो आराखडा का काय तो मी वाचलासुद्धा नाही. पण तुझ्या भावाने स्वतःच्या बापाचं केलंय ना? मग तो माझंही करेल." मी मान हलवली. त्यांना घरी सोडलं आणि स्वतःवर चिडत तीन गल्ल्या चालले. त्यांनी आराखडा वाचलाच नव्हता! इतकं नीट, इतकं मोजून केलेलं तुझं काम, आणि त्या मत देणार होत्या त्या एका ओळीला. पुढे आणखी चौघांशी बोलले. चौघांचंही तेच. तुला वाटतं ती ओळ तुझ्या आराखड्याला टेकू आहे. लोक आराखड्याऐवजी तीच घेऊन चालले आहेत.

आता ते दिवस. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही, तर आज मीच बोलते. बाबांना झटका आला तेव्हा मी दुसऱ्या गावी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासत होते. त्यांना माझ्याकडे नेलं आणि इथल्या घराला कुलूप लागलं. दोन वर्षं दोन महिने या प्रभागाने आपल्यापैकी कुणालाच पाहिलं नाही, म्हणून तर इथे कुणीही काहीही मानू शकलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला माझ्या दोन खोल्या होत्या. मालकांनी मला घरून काम करायची मुभा दिली. मी बाबांच्या पलंगावर, त्यांच्या पायांशी, कागद पसरून बसायची. त्यांचा उजवा हात आणि बोलणं गेलं होतं. डाव्या हातात पेन्सिल दिली की ते माझ्या कागदांवर नसलेल्या चुकांना खुणा करायचे, अगदी गंभीरपणे. मी त्या जेवणानंतर खोडायची. एकदा खोडायच्या राहिल्या आणि तिसरीच्या भूगोलात एक नदी छापायचीच राहिली. मालक ओरडले, आणि मी घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांचे खांदे हलले. त्या दोन वर्षांत ते बऱ्याचदा हसले, दादा. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. दर रविवारी तुझा फोन यायचा, मी तो त्यांच्या चांगल्या कानाला लावून धरायची, तू नोकरीला होतास त्या बंदरावरच्या गमती सांगायचास आणि ते हसायचे. त्यांना उत्तर देता येत नव्हतं, आणि तू थांबायला घाबरायचास, म्हणून एकसारखा बोलत राहायचास.

तू चाकाची खुर्ची पाठवलीस. दार सव्वीस इंचांचं होतं, खुर्ची साडेसत्तावीस. ती जिन्याच्या वळणावर राहिली आणि खालच्या बाईंनी तिच्यात कुंड्या ठेवल्या. मी तुला दर आठवड्याला एक कार्ड टाकायची. बाबांनी आज स्वतःच्या हाताने चमचा धरला. बाबांनी आज कावळ्याला हाकललं. तीन वेळा तू येतो म्हणून कळवलंस, तीनही वेळा मी तुझ्यासाठी गादी उन्हात टाकली. आलास तो ते गेल्यावर चौथ्या दिवशी. जिन्यात कुंड्यांची खुर्ची पाहिलीस आणि तिथेच पायरीवर बसलास. मी खाली आले तेव्हा तू म्हणालास, "मी निघायचो गं दर वेळी. स्टेशनापर्यंत यायचो. आणि वाटायचं, त्यांनी मला ओळखलंच नाही तर?" मी वर जाऊन चहा ठेवला. तो चहा ठेवणं ही माझी पहिली चूक असावी.

मी रागावले नव्हते असं नाही. वर्षभर रागावलेली होते, मग थकले, मग तू वहिनीला घेऊन इथे परतलास, दुकान टाकलंस, आणि बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मीही आले. एक गोष्ट मात्र तू मनातून काढून टाक. बाबांमुळे माझं लग्न राहिलं असं वहिनीला वाटतं, आणि ती माझ्या ताटात नेहमी एक घास जास्त वाढते. मला करायचं नव्हतं, म्हणून केलं नाही. ती दोन वर्षं मी कुणावर उपकार म्हणून काढली नाहीत. मला ती मिळाली, तुला मिळाली नाहीत, असंच मी आता धरते. म्हणून हे पत्र हक्क सांगायला लिहिलेलं नाही. माझं नाव त्या ओळीत यावं अशी माझी इच्छा नाही.

माझी दुसरी चूक मोठी आहे, आणि ती आपल्या घराशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. बाबांचा नियम: आपल्या अंकात घरच्यांविषयी एक अक्षर छापायचं नाही. मी परतल्यावर पहिल्याच वर्षी एका वाचकाचं पत्र आलं होतं, "नोकरीवर पाणी सोडून बापाची सेवा करणारा मुलगा" म्हणून तुझं कौतुक करणारं. मी ते वाचलं आणि फाइलला लावलं. खोटं आहे म्हणून नाही, घरचं आहे म्हणून! इतका अभिमान वाटला मला स्वतःच्या शिस्तीचा. कौतुक छापलं नाही, त्याचबरोबर दुरुस्तीही छापली नाही. त्या पत्रलेखकाला दोन ओळींचं उत्तरसुद्धा टाकलं नाही. नियम पाळत मी नऊ वर्षं गप्प बसले आणि तुझं न्हाव्याकडचं ते एक "हो" माझ्या गप्प बसण्यावर वाढत गेलं. तू एकदा बोललास, मी नऊ वर्षं बोलले नाही; दोघांत कुणाचं जास्त, हे मला खरंच सांगता येत नाही. आता तू उमेदवार आहेस, घरचा राहिला नाहीस. नियमामागे लपायला मला जागा उरलेली नाही.

तर मत कुणाला, असं तू परवा दारातून जाता जाता विचारलंस आणि उत्तराची वाट न पाहता गेलास. उत्तर ऐक. बेकरीवाल्यांना नाही, हे उघड आहे. पोहण्याच्या बाईंपाशी मी बराच वेळ अडले. माणूस म्हणून त्या तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत, हे मी तुला तोंडावर सांगते. पण प्रभागाचं काम नुसत्या स्वच्छ माणसाने होत नाही. कुठल्या दारात कुठला कागद न्यायचा, हे कळावं लागतं, आणि ते तुला कळतं. मी तुलाच मत देणार आहे. भाऊ म्हणून नाही, सातव्या आणि नवव्या कलमासाठी. ती कलमं ज्याने वडिलांची सेवा केली त्याला सुचली नसती. मी केली ना, मला नाही सुचली. मला दाराच्या मापाचा वैताग आठवतो, बस्स. ती सुचली पायरीवर बसलेल्या माणसाला. माझी कार्डं तू वाचली होतीस, प्रत्येक वाचली होतीस, हे मला अकरा वर्षांनी तुझ्या आराखड्यातून कळलं. आणि तूच त्या पायरीवरच्या माणसाला पुसून त्या जागी एका आदर्श मुलाचं चित्र चिकटवलंस. ते चित्र प्रभागातल्या निम्म्या मुलांना घाबरवतं, दादा. चौथीच्या बाईंचे मुलगेही दर वर्षी कुठल्यातरी स्टेशनावरून परत फिरत असतील. त्यांच्यासाठी काही करू शकेल असा तिघांत तू एकटा आहेस.

ती ओळ मी काढणार आहे, हे तर तुला कळलंच असेल. तेवढ्यासाठी पत्र लागलं नसतं; चष्मेवाल्याबरोबर निरोप धाडला असता, आणि त्या जागी कोरं सोडून पान छापलं असतं. मला त्या जागी दुसरी ओळ हवी आहे आणि ती तुझ्या अक्षरात हवी आहे: "वडील दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही. म्हणून हा आराखडा." एवढंच. वहिनी सही करेल, कारण तीन वेळा तुझी बॅग तिने भरली आणि तीन वेळा तिनेच रिकामी केली. दुसरी सही माझी. मतं जातील. किती, ते मी सांगू शकत नाही, आणि "लोक समजून घेतील" असं खोटं आश्वासनही देणार नाही. कदाचित तू पडशील. हरलास तर तो आराखडा घेऊन आपण दोघं पोहण्याच्या बाईंच्या दारात जाऊ, मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. पण ते पुढचं. तू नाही म्हणशील, हे मला ठाऊक आहे. आधी हसशील, मग वहिनीला म्हणशील की टिंबेचं डोकं फिरलंय, मग मला निरोप पाठवशील की निवडणूक होऊ दे, सावकाश बोलू. पत्रकं घरोघर गेली आहेत, फलक लागले आहेत, माणसं तुझ्यासाठी उन्हातान्हात फिरताहेत. तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित नाही म्हटलं असतं. तरीही गुरुवारी बारा वाजेपर्यंत मी तुझ्या चाळीस शब्दांपुढे बसून राहणार आहे. ये, आणि ती ओळ तुझ्या हाताने लिहून दे.

तुझीच,
टिंब